आखूड पायाचा घोडा

मी एक जुना घोडा आहे.

मित्रांनो, घाबरू नका. मी खिंकाळत नाही, दाणा-चारा मागत नाही आणि मला शर्यतीत कोणी कधी पळवलेलं नाही. दोन शिड्या वरच्या टोकाला बिजागरीने जोडायच्या, खाली पाय फाकवून उभ्या करायच्या, की जे तयार होतं त्याला रंगारी, वायरमन आणि घरोघरच्या बायका 'घोडा' म्हणतात. तो मी. शाळेत तुम्हाला कधी घोड्याचं आत्मवृत्त लिहायला सांगितलं, तर माझी नक्कल करू नका. गुण जातील.

माझा जन्म या इमारतीतच झाला. तेव्हा इमारतही नुकतीच उभी राहिली होती. मधे फरसबंद अंगण, तिन्ही बाजूंनी गॅलऱ्या, चौथ्या बाजूला फाटक आणि तळमजल्यावर बेकरी. दरवाज्यांच्या चौकटी करून झाल्यावर काही लाकूड उरलं. ते फुकट जाऊ नये म्हणून सुताराने मला घडवलं. म्हणजे या इमारतीतले सगळे दरवाजे माझे सख्खे भाऊ. ते आपापल्या जागी मान ताठ धरून उभे राहिले आणि मी घरोघर फिरत राहिलो. प्रत्येक कुटुंबात एखादा असा असतोच.

सुतार हाताचा चांगला होता, पण त्या दिवशी बेकरीतून पहिल्या भट्टीचा वास सुटला होता. त्याचं अर्धं लक्ष नाकाकडे होतं. माझा चौथा पाय बोटभर आखूड कापला गेला. मला पहिल्यांदा अंगणात उभं केलं आणि मी डुगडुगलो.

सुतार शांतपणे म्हणाला, "जमीन वाकडी आहे."

मला उचलून दुसऱ्या जागी ठेवलं. तिथेही डुगडुगलो.

"ही पण वाकडी आहे," सुतार म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून निघून गेला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्ही पुस्तकात वाचली असेल. मी तिच्यावर उभा होतो.

पाय दुरुस्त करावा असं कोणाच्याही मनात आलं नाही. सुतारासारखा सुतार सांगतो म्हटल्यावर अंगण वाकडं असणारच, असं सगळ्यांनी मान्य केलं. त्यामुळे इमारतीत एक रीत पडली. घोडा एकट्याने वापरायचा नाही. एकाने चढायचं, एकाने धरायचं. मला न्यायला येणारे नेहमी जोडीने येत, आणि एकटाच कोणी आला तर वाटेत जो भेटेल त्याला "जरा धरायला ये रे" म्हणून सोबत घेई.

मित्रांनो, धरणाऱ्याला तसं काही काम नसतं. पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. वर चढलेल्याचेही गुंतलेले असतात. अशा वेळी माणसाचं तोंड तेवढं मोकळं राहतं. त्यामुळे माझ्यावर आणि माझ्याखाली जेवढं बोलणं झालं, तेवढं या इमारतीच्या दिवाणखान्यांत मिळून झालं नसेल. पंखा पुसता पुसता लग्नं ठरली. माळा आवरता आवरता जावाजावांचा अबोला सुटला, आणि खाली उतरेपर्यंत नवीन धरला गेला. मी मधे उभा राहून सगळं ऐकत असे. कोणाचं कोणाला सांगितलं नाही. लाकडाला तेवढी पचनशक्ती असते.

वर्षाचा मोठा सण जवळ आला की मला उसंत नसे. खिडक्यांच्या जाळ्या, पंख्यांची पाती, पडद्यांचे गज, माळ्यावरच्या ट्रंका. सकाळी वरच्या मजल्यावर, दुपारी खालच्या. माझ्यासाठी भांडणंसुद्धा होत. "काल संध्याकाळी सोडतो म्हणालात, अजून सोडला नाहीत!" असं कोणी माझ्यावरून ओरडलं, की मला आपण खरोखरच मोठे झाल्यासारखं वाटे.

आणि सगळ्यांची घरं झाली की शेवटी अंगणातली दिव्यांची माळ. ते काम दोघांचं होतं. बेकरीवाले मामा चढायचे आणि पाणीखात्यातले काका धरायचे.

या दोघांविषयी सांगायला हवं, कारण माझी गोष्ट म्हणजे खरं तर त्यांचीच आहे.

मामा अंगाने भरलेले. पावाच्या लादीसारखे चहूबाजूंनी फुगलेले. ते चढले की माझी पायरी न् पायरी कुरकुरे. खरं तर चढायला हवं होतं काकांनी, ते काडीसारखे होते. पण काकांना दुसऱ्याच पायरीवर चक्कर यायची. म्हणून जड माणूस वर आणि हलका माणूस खाली, अशी उलटी व्यवस्था वर्षानुवर्षं चालली. शास्त्र विचाराल तर दोघांनीही पडायला हवं होतं.

काका पाणीखात्याच्या तक्रारखिडकीवर बसत. दिवसभर लोक येऊन त्यांना एकच सांगत, "पूर्वी कसं भरपूर पाणी यायचं हो!" ऐकून ऐकून ते वाक्य काकांच्या हाडात मुरलं. ते प्रत्येक गोष्टीला लावू लागले. पूर्वी चहा दाट असायचा. पूर्वी काडेपेटीतली काडी पहिल्या घासण्यात पेटायची. पूर्वी ऊन कसं, सरळ पडायचं. पोरं त्यांना 'पूर्वीकाका' म्हणायला लागली आणि ते हाकेला ओ देत.

तर मामा वर चढत. काकांच्या गॅलरीच्या कठड्यापासून बेकरीच्या पाटीवरच्या खिळ्यापर्यंत रंगीत बल्बची माळ बांधत. अंगणात सगळी इमारत जमलेली असे. शेवटची गाठ मारून मामा वरूनच विचारत, "बघ रे, कसं दिसतंय?"

काका मान तिरकी करत. एक डोळा मिटत. आणि म्हणत, "पूर्वीसारखं नाही."

"पूर्वी धरणारा बरा होता," मामा वरून टोला हाणत.

मग पोरं टाळ्या वाजवत, कोणीतरी बटण दाबे, मामी बेकरीतून गरम बिस्किटांचा ट्रे घेऊन येत, आणि सण सुरू होई. ही दोन वाक्यं झाल्याशिवाय बटणाला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती.

गंमत सांगतो. इमारतीतल्या पहिल्या सणालाही काका हेच म्हणाले होते. भिंतीचा रंग ओला, फाटकाला कुलूप बसायचं बाकी, अंगणात त्याआधी दिवा म्हणून लागला नव्हता. या अंगणाला 'पूर्वी' नावाची गोष्टच नव्हती. तरी काका म्हणाले, "पूर्वीसारखं नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे एकदा कॉलेजातली एक मुलगी पाहणी करायला इमारतीत आली. लोकांना सणाचा उत्साह पूर्वीपेक्षा कमी वाटतो का, असा तिचा प्रश्न होता. त्या दिवशी मी जिन्याजवळ उभा होतो. ती मलाच टेकून एकेकाला विचारत होती. सगळ्यांनी 'कमी वाटतो' असंच सांगितलं. सगळ्यात जास्त मजा कधी यायची, यावर मात्र एकमत होईना. आजोबांना साठ वर्षांपूर्वीची आठवली, त्यांच्या मुलाला तीस आणि नातवाला सात. हिशेब केला तर प्रत्येकाची मजा तो स्वतः नऊ-दहा वर्षांचा असताना संपली होती. म्हणजे ज्या वयात जाळ्या पुसायचं काम दुसऱ्या कोणाकडे असतं, त्या वयात.

काकू, म्हणजे पूर्वीकाकांची बायको, तेवढ्या वेगळं बोलल्या. "माझ्या लहानपणी फार मजा यायची बाई. आईला यायची का, ते विचारायला हवं होतं. पण ती कायम फरशी पुसत असायची. विचारायचं राहून गेलं."

मुलीने ते लिहून घेतलं नाही. तिच्या फॉर्मवर त्यासाठी चौकोन नव्हता.

मला तर कोणी विचारलंच नाही. आजवर सगळे सण मी उभ्याने पाहिलेत. पण लाकडाचं मत कुठेच धरत नाहीत.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना माझी बिजागरी थोडी जड होते.

एका वर्षी मामी आजारी पडल्या. बेकरीच्या बाजूच्या खोलीत त्यांची खाट होती. ती मामांनी खिडकीपाशी सरकवली, म्हणजे अंगण दिसावं. त्या वर्षी मामांनी माळ बांधायला सकाळपासूनच सुरुवात केली. नेहमीची एक माळ पुरेना, म्हणून दुसरी आणली. पताका लावल्या. दुसरी माळ त्यांनी मुद्दाम खाली उतरवून मामींच्या खिडकीसमोरून नेली, अगदी डोळ्यांच्या उंचीवरून. दर थोड्या वेळाने ते उतरत, खिडकीपाशी जाऊन वाकून बघत, खाटेवरून कसं दिसेल याचा अंदाज घेत, परत चढत. काका मला धरून उभे होते. त्या दिवशी दोघं फारसं बोलले नाहीत. काकांनी एकदाच विचारलं, "पाणी देऊ का रे?" मामा म्हणाले, "नको, राहिलंय थोडंच."

संध्याकाळ झाली. मामींना उशांना टेकवून बसवलं होतं. शेवटची गाठ मारून मामांनी, सवयीने, वरूनच विचारलं, "बघ रे, कसं दिसतंय?"

आणि काका, सवयीने, म्हणाले, "पूर्वीसारखं नाही."

मित्रांनो, वाक्य तेच होतं. आवाज तोच, तिरकी मान तीच. पण मामांचं उत्तर आलं नाही. ते खिडकीकडे बघत राहिले. मग एकेक पायरी उतरत खाली आले. इतकी वर्षं मी त्यांचं वजन उचललं, पण त्या दिवसाइतकं ते जड कधीच लागलं नव्हतं.

"हो," मामा म्हणाले. "नाहीच."

आणि आत निघून गेले.

काका तसेच मला धरून उभे राहिले. वर कोणीच नव्हतं, तरी धरून राहिले. बटण कोणीतरी दाबलं. दिवे लागले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे पोरांना कळेना.

पुढचा सण पाहायला मामी नव्हत्या.

काका भेटायला गेले होते. खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून खूप वेळ गप्प राहिले आणि उठून आले. त्यानंतर मामा आणि काका यांच्यात बोलणं झालं नाही. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. भांडण असतं तर कोणीतरी सोडवलं असतं. पाव आणायला काकू जाऊ लागल्या. काका अंगण ओलांडताना फरशीकडे बघत, आणि मामा पाव मोजताना पावांकडे.

पुढे एकदा काकूंनी मला घरी नेलं. त्या पंखा पुसायला चढल्या आणि काका धरायला उभे राहिले.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," काका एकदम बोलले. कशाबद्दल, ते सांगायची गरज नव्हती.

"मग मला काय सांगता?" काकू वरून म्हणाल्या. "मी काय बेकरी आहे? खाली जा आणि त्यांना सांगा."

"काय सांगू? तोंड उघडलं की तेच बाहेर येतं."

"मग तोंड उघडून तरी या."

काका गेले नाहीत. पाती तेवढी स्वच्छ झाली.

मामांचा मुलगा इंजिनियर झाला होता. त्याला इमारतीत सगळे 'दुरुस्त्या' म्हणत. मनाने फार चांगला. कुठे काही करकरलं, गळलं, हललं की त्याला झोप येत नसे. फाटकाचा आवाज त्याने बंद केला, त्यामुळे कोण आलं न् कोण गेलं ते कळेनासं झालं. जिन्याचा कठडा त्याने घट्ट केला. वडील माळ बांधायला कोणाला हाक मारत नाहीत, एकटेच मला भिंतीला टेकवून चढायला बघतात, हे त्याने पाहिलं. मग एके रविवारी त्याने मला आडवं पाडलं, टेपने चारही पाय मोजले, आणि आजवर कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट जाहीर केली.

"अंगण सरळ आहे. घोडा वाकडा आहे!"

गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघायला लागले. दुरुस्त्याने माझ्या आखूड पायाला जाड रबराचा बूट बसवला, स्क्रूने पक्का केला आणि मला उभं केलं. मी अजिबात हललो नाही. जन्मात पहिल्यांदा माझे चारही पाय जमिनीला टेकले.

"बाबा, आता धरायला कोणी लागणार नाही," तो म्हणाला.

मामा माझ्याकडे बघत होते. "बरं झालं," म्हणाले.

सगळ्यांनी दुरुस्त्याचं कौतुक केलं. माझंही केलं. मलासुद्धा आनंद झाला, खोटं का बोलू? व्यंग गेलं की कोणाला बरं वाटत नाही? पण त्यानंतर मला न्यायला जोडीने कोणी येईना. एकेकटे येत. कानात गाणी लावत. चढत, पुसत, उतरत. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं. उरलेल्या वेळात ते काय करत, ते मला माहीत नाही. माझ्याखाली तरी कोणी उभं राहत नव्हतं.

मग तेही थांबलं. लांब दांड्याचे झाडू आले, खिडक्या पुसणारी कंपनी आली. अंगणातली माळ बांधायची कटकट नको म्हणून सगळ्यांनी मिळून कठड्यांना कायमचे दिवे बसवून घेतले. तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाई फोनवर बोट ठेवतात आणि दिवे लागतात. लाल, निळे, पळणारे, श्वास घेणारे. गेलेला बल्ब शोधायला नको, चढायला नको. एकदा त्या बाहेरगावी होत्या. त्यांनी तिकडूनच सण लावला.

मी जिन्याखाली गेलो. माझ्यावर कोणीतरी चाक नसलेली सायकल ठेवली, कोणीतरी मोडक्या छत्र्या अडकवल्या. भिंतीची ओल माझ्या पायांत चढायला लागली. शेजारून लोक पिशव्या घेऊन जिना चढत आणि एकमेकांना सांगत, "मजाच राहिली नाही हो पूर्वीसारखी." आता सगळेच पूर्वीकाका झाले होते. फक्त खरे पूर्वीकाका तेवढे काही म्हणत नसत. त्यांनी ते वाक्य सोडून दिलं होतं. चहा पातळ झाला तरी निमूट पीत.

मित्रांनो, मी तक्रार करत नाही. माझ्या वयाच्या घोड्यांचं सरपण होतं. मला निदान छप्पर होतं.

या वर्षी सण जवळ आला आणि सेक्रेटरीबाईंनी फाटकावर सूचना लावली. रविवारी भंगारवाला येणार, जिन्याखालची अडगळ काढणार, ज्याचं जे असेल ते त्याने न्यावं. सायकलवाल्याने सायकल नेली. छत्र्यांना कोणी वारस निघाला नाही. मलाही नाही.

शनिवारी सकाळी काकू आणि काका जिना उतरत होते. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमचा घोडा भंगारात चाललाय."

"माझा कुठला?"

"मग कोणाचा? आयुष्यभर त्याला धरून उभे होतात. मला तरी एवढं धरलंत का कधी?"

काका थांबले. त्यांनी माझ्या दांड्यावरून हात फिरवला. जिथे ते धरायचे तिथे लाकूड अजून गुळगुळीत आहे. मग ते परत वर गेले. मला वाटलं, झालं, निरोप घेतला.

पण ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. गुडघे धरत खाली बसले, माझ्या चौथ्या पायाचा बूट सोडवला आणि खिशात घातला. मग मला ओढत ओढत उन्हात आणलं आणि आपल्या गॅलरीच्या कठड्याखाली उभं केलं. मी डुगडुगलो. इतक्या वर्षांनी डुगडुगलो आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

काकांच्या खांद्यावर जुनी माळ होती. बहुतेक माळ्यावरून काढली असावी. अर्ध्या बल्बचा रंग उडालेला.

सेक्रेटरीबाई तिसऱ्या मजल्यावरून वाकल्या. "अहो काका, काय चाललंय? दिवे आहेत की आपले! मी संध्याकाळी लावणारच आहे फोनवरून."

"लावा तुम्ही."

"अहो, पण तो हलतोय! पडाल!"

"हलतोय खरा," काका म्हणाले. मग त्यांनी मान वर केली नाही, बेकरीकडे वळवली, आणि पाणीखात्याच्या खिडकीवरसुद्धा कधी काढला नसेल एवढा आवाज काढला. "घोडा धरायला कोणी आहे का?"

बेकरीच्या आतला ट्रेंचा खडखडाट थांबला.

"थांबा, मी दुरुस्त्याला फोन करते," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"तो नको. तो नीट करेल."

"अहो, मग कोण?"

काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तसेच थांबले. त्यांचा पाय थरथरत होता, की माझा, ते सांगता येणार नाही. मी आजवर कोणाला पाडलेलं नाही. पण मी फक्त लाकूड आहे, आणि आखूड पाय आखूडच असतो. कोणी आलं नाही तर हा माणूस तरीही चढेल, एवढं मला कळत होतं.

बेकरीचं दार उघडलं.

मामा आले. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. आता तेही पूर्वीइतके फुगलेले राहिले नाहीत. गुडघ्यांमुळे डुलत चालतात. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, मग काकांच्या खिशातून डोकावणाऱ्या रबराकडे बघितलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. येऊन त्यांनी माझे दोन्ही दांडे धरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला खालून धरलं.

"चक्कर येते ना तुला?" मामा म्हणाले. इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"येते."

"मग?"

"म्हणून तर धर म्हणतो."

काका चढले. पहिली पायरी, दुसरी. दुसरीवर थांबून त्यांनी डोळे मिटले. मामांची पकड घट्ट झाली. मग तिसरी. तिथे काकांचा पाय मला कधीच लागला नव्हता. मग त्याच्याही वरच्या. त्यांनी माळेचं एक टोक कठड्याला बांधलं. मग मला अंगणापलीकडे नेऊन, परत चढून, दुसरं टोक बेकरीच्या पाटीवरच्या खिळ्याला बांधायला घेतलं. तिथून खाली ती खिडकी दिसते. मामींच्या खोलीची. खाट आता तिथे नाही.

काकांचे हात थांबले.

"त्या वर्षी मी..." ते म्हणाले.

"खाली बघू नकोस," मामा म्हणाले. "गाठ मार."

काकांनी गाठ मारली. काम काही सांगण्यासारखं झालं नव्हतं. माळ मधोमध लोंबत होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. एक टोक वर, एक खाली. दुरुस्त्याने पाहिली असती तर त्याला रात्रभर झोप लागली नसती. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती. काकू कठड्यावर हनुवटी टेकून उभ्या होत्या.

काका वरूनच, माळेकडे तोंड करून, म्हणाले, "बघ रे. कसं दिसतंय?"

हे वाक्य त्यांचं नव्हतं. मामांना ते कळलं. मला तर त्यांच्या तळहातांतून कळलं.

मामांनी मान तिरकी केली. एक डोळा मिटला. इतका वेळ मिटून ठेवला की पीठ गेलं की काय असं वाटावं.

"पूर्वीसारखं नाही," मामा म्हणाले.

काकांनी श्वास सोडला. तो माझ्या खालच्या पायरीपर्यंत पोचला.

"पूर्वी धरणारा बरा होता," ते म्हणाले.

"आणि चढणारा?"

काकांनी गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. "तो तर फारच बरा होता रे," म्हणाले. "त्याच्यासारखी माळ कोणाला जमली नाही. त्या वर्षी तर नाहीच."

मामा एका हाताने डोळा पुसायला गेले आणि भुवईला पीठ लागलं. दुसरा हात त्यांनी माझ्यावरून काढला नाही.

संध्याकाळी बटण दाबलं, तेव्हा निम्मेच बल्ब लागले. मग उरलेल्यांतला कुठला गेलाय ते शोधायला सगळी इमारत अंगणात उतरली. कोणी म्हणालं हा, कोणी म्हणालं तो. सेक्रेटरीबाई स्वतः माझ्यावर चढल्या आणि त्यांचे यजमान धरायला उभे राहिले. दोघांत पडद्यांच्या रंगावरून जे सुरू झालं, ते ऐकून मला जुने दिवस आठवले. मामांनी ट्रे बाहेर आणला. एका आजोबांनी बिस्किट चहात बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण पूर्वीची मजा नाही." सगळे एकदम म्हणाले, "नाहीच!" आणि हसले.

भंगारवाला रविवारी येऊन छत्र्या घेऊन गेला. माझा बूट कुठे पडला म्हणून दुरुस्त्या अजून जिन्याखाली शोधतो आहे. तो काकांच्या खिशात आहे, हे साऱ्या इमारतीला माहीत आहे. कोणी सांगत नाही.

मित्रांनो, उत्साह पूर्वीपेक्षा कमी झाला की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. तो कुठे मोजतात ते मी पाहिलेलं नाही. मला आपलं लाकडापुरतं कळतं. तेव्हा माझी विनंतीही तेवढीच आहे. तुमच्या जिन्याखाली माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला ओलीपासून दूर ठेवा. बिजागरीला वर्षातून एकदा तेल द्या. पाय आखूड असेल, तर तो तसाच राहू द्या. आणि सणाच्या गडबडीत कधी अंगणातून "धरायला कोणी आहे का?" अशी हाक ऐकू आली, तर हातातली पिशवी खाली ठेवा.

पिशवी नंतर उचलता येते.